जुनं घर हळूहळू दुरुस्त करताना : पाडलेल्या भिंतीची माती भाजीच्या वाफ्यात टाकावी का?

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या मखमलाबाद गावठाणात आमचं घर आहे. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं. शंभरी नक्की ओलांडलेली, पण नेमकं साल विचारलं तर घरातलं प्रत्येक माणूस वेगळं सांगतं. काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या दीड-दीड हात जाड भिंती, सागाचे खांब नि तुळया, माडी आणि मंगलोरी कौलं. मागे पडवी, तिच्यामागे गुंठाभर परस. परसात आड, शेवगा, कढीपत्ता आणि सासूबाईंची भाजी.

दुरुस्ती चालू आहे, पण बेताबेताने. पैसे हे कारण आहेच, कर्ज काढायचं नाही असं दोघांनी ठरवलंय. शिवाय त्याच घरात राहून काम केलं की कुठलं पाणी कुठून येतं ते कळतं. रिकामं घर ठेकेदाराच्या ताब्यात दिलं असतं तर हे कुणी पाहिलं असतं?

आमचा क्रम वरून खाली. आधी छप्पर. वैशाखात कौलं उतरवली, कुजलेल्या रिपा आणि काही वासे बदलले, परत शाकारून घेतलं. मग पन्हळी, कारण वळचणीचं पाणी थेट जोत्याशी पडत होतं. मागे कधीतरी कुणीतरी जोत्याभोवती सिमेंटचा कोबा केला होता, तो फोडून उतार बाहेरच्या बाजूला दिला. भिंतींना हात त्यानंतर. वायरिंग भिंत न कोरता पाइपातून वरूनच फिरवलं. फरशी आणि रंग अजून लांब आहेत, आणि पाहुणे येऊन पहिल्यांदा त्याचंच विचारतात.

परसाचं वेळापत्रक घराच्या कामाशी आपोआप जुळत गेलं. पावसाळ्यात भिंतीचं काम बंद, तेव्हा मांडवावर दोडकी, गिलकी, कारली. दिवाळी ते होळी चुन्याचं काम, कारण ऊन मवाळ असतं आणि गिलावा सावकाश वाळतो. तेव्हाच मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाटाणा. उन्हाळा सुताराचा. बागेत फक्त गवार-भेंडी, आडाचं पाणी पुरेल तेवढीच.

आता प्रश्न. पडवीच्या मागच्या भिंतीला पोट सुटलंय. या भिंतीला खाली दगड जेमतेम वीतभर, वर सगळी माती. दिवाळीनंतर ती उतरवायची आहे. माती भरपूर निघेल. शेजारच्या आजी म्हणतात, भिंतीची माती म्हणजे खत, वांग्यांना टाक. गवंडी म्हणतो, कचरा आहे, ट्रॅक्टर बोलावून बाहेर टाका, मी विटा-सिमेंटची भिंत करून देतो. कुणाचं ऐकू?

द्राक्षबाग

ताई, आजी खोटं सांगत नाहीत. आमच्याकडे निफाड तालुक्यात आजोबांच्या पिढीत पडक्या घरांची पांढरी माती बैलगाडीत भरून रानात नेत. गावठाणच्या मातीत पिढ्यानपिढ्या चुलीची राख, गोठ्यातलं शेणमूत, खरकटं असं सगळं जिरलेलं असतं. जुन्या भिंतीवर जे पांढरं फुलून येतं त्यात सोरा असतो. बंदुकीच्या दारूसाठी पूर्वी असल्याच मातीतून सोरा काढत. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आज आम्ही तेच १३:०:४५ नावाचं खत म्हणून पोत्यात विकत घेतो आणि ठिबकमधून सोडतो.

पण ते लोक माती पसरत एकरभर रानात, उन्हाळ्यात, आणि त्यावर अख्खा पावसाळा पडे. तुमचा वाफा चार हातांचा. सोऱ्याबरोबर साधं मीठही येतं हे विसरू नका.

नवखा

वाचनखूण साठवली आहे. फोटो टाका की ताई, फोटोशिवाय घराचा धागा म्हणजे फाऊल.

सिव्हिलवाला

भिंतीची माती सगळी एकसारखी नसते, इथून सुरुवात करू.

जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत वर चढते, साधारण कमरेपर्यंत. तिथे ती हवेने सुकते आणि पाण्यातले क्षार मागे ठेवते. लोणा, म्हणजे हे फुलून आलेले क्षार, नेहमी त्याच पट्ट्यात दिसतो: गिलावा फुगतो, पिठासारखा गळतो. त्याच्या वरची माती बहुतेक वेळा स्वच्छ असते. म्हणून भिंत वरून उतरवा आणि ढीग वेगळे करा. वरची माती एका बाजूला, कमरेखालची दुसऱ्या बाजूला, गिलाव्याचे पोपडे तिसरीकडे.

आता माझा प्रश्न. वरची चांगली माती तुम्ही वांग्यांना का घालताय? ती परत भिंतीतच गेली पाहिजे. सिमेंट एकदा घट्ट झालं की संपलं, फोडलं तर डबर. मातीचं तसं नाही. चाळा, भिजवा, तुडवा, परत नवी. इगतपुरी-त्र्यंबककडून भाताचं तूस मिळतं, ते नाहीतर गव्हाचा भुसा घाला, चिखल काही दिवस झाकून मुरू द्या, रोज पाणी मारून पायाने तुडवा. आंबल्याचा वास यायला लागला की तयार. तूस कशासाठी? चिखल वाळताना आकसतो आणि तडे जातात, ते धरून ठेवायला.

तुमच्या गवंड्याची विटा-सिमेंटची भिंत उभी राहील, नाही असं नाही. पण बाकीचं घर मातीचं आणि लाकडाचं, ते ऋतूप्रमाणे थोडं हलतं. मध्येच एक ताठर भिंत घातली की सांध्यात चीर पडते, आणि त्या चिरेतून पाणी.

नवखा

सिमेंटने मजबुती येत नाही का पण? आमच्या पंचवटीतल्या जुन्या घराला बाबांनी आतून-बाहेरून सिमेंट गिलावा करून घेतलाय. झकास दिसतं.

सिव्हिलवाला

खालच्या तीन फुटांवर टिचकी मारत फिरा. पोकळ आवाज आला तर आत माती सुटलीय.

चुन्याचा किंवा मातीचा गिलावा आतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा दाट असतो, तो अडवतो. ओल अडली की ती आणखी वर चढते, आतली माती कायम दमट राहते, आणि खांब किंवा तुळईचं टोक त्या भिंतीत पुरलेलं असेल तर ते कुजतं. बाहेरून झकास दिसत असतं तोपर्यंत. तुमच्याकडे घाई करू नका, सगळा गिलावा एकदम खरवडायला जाऊ नका. आधी पाणी कुठून येतं ते बंद करा, मग खालचा पट्टा काढून एक पावसाळा उघडा ठेवा.

सराफबाजार

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमचा वाडा सराफ बाजाराजवळ, म्हणजे पूर आला की आम्ही पहिले. गोदेचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत चढलं हे ऐकून सामान माडीवर न्यायचं की नाही ते ठरतं. १९६९चा पूर वडील सांगत. २००८च्या सप्टेंबरातला मी स्वतः पाहिला. तळमजल्यात छातीएवढं पाणी.

पाणी ओसरल्यावर आम्ही काही केलं नाही, हे महत्त्वाचं. गाळ काढला, दारं-खिडक्या सताड उघडी ठेवली, भिंतीला टेकलेलं सगळं फर्निचर हलवलं. चुन्यातला दगड आणि वर मातीचं काम, होळीपर्यंत भिंती कोरड्या ठणठणीत. शेजाऱ्यांनी आधीच छातीपर्यंत चकचकीत टाइल लावलेल्या. त्यांची भिंत पुढच्या पावसाळ्यापर्यंत आतून ओली होती आणि मग तिला पोट सुटलं. ओसरीताई, तुमच्या भिंतीला पोट सुटलंय म्हणता, तेव्हा माझा प्रश्न मातीचा नाही, पाण्याचा आहे. छप्पर झालं, पन्हळ झाली, कोबा फोडला. मग या एकाच भिंतीला पाणी कुठून येतंय? तुमच्या मोरीचं पाणी कुठे जातं?

दुसरं, कागद सांभाळा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्थैर्य तपासून घेणं मालकाची जबाबदारी आहे, आणि धोकादायक घराची नोटीस येते ती कलम २६४ खाली. नोटीस आली म्हणजे घर पाडलंच पाहिजे असा अर्थ गल्लीत लावतात. दुरुस्तीचाही पर्याय असू शकतो, नोटीस नीट वाचावी. आमच्या वाड्याची खरी अडचण भिंतीत नाही, प्रॉपर्टी कार्डावर आहे. नावं इतकी की दुरुस्तीला सही मिळवायची तर अर्धा महाराष्ट्र फिरावा लागतो.

ओसरी

सराफबाजार काका, मोरीचं पाणी अळूत जातं.

सराफबाजार

अळू भिंतीपासून किती लांब?

ओसरी

लागूनच आहे. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिथे आहे म्हणे. पानं हत्तीच्या कानाएवढी.

सराफबाजार

झालं तर मग. मिळालं उत्तर.

बाविसावा_मजला

ताई, राग मानू नका, पण हे सगळं हौसेचं आहे. मी नाशिकचाच, आता मुंबईत असतो. आमचं जुनं घर पाडून दोन मजली आरसीसी बांधलं, नऊ महिन्यांत विषय संपला. तुम्ही वर्षानुवर्षं चिखल तुडवत बसणार, सुतार शोधणार, वाळवीशी भांडणार. एकूण खर्च काढलात तर नवीनच स्वस्त पडेल. गावठाणात मखमलाबादला आता जागेला काय भाव आहे बघा.

ओसरी

राग नाही. भाव माहीत आहे, महिन्याआड एकजण दारात येऊन सांगून जातो.

पण हिशेब तसा होत नाही. नवीन बांधायचं तर सगळी रक्कम एकदम लागते, बांधकाम होईतो दुसरीकडे भाडं, आणि काम अर्ध्यात अडकलं तर ना जुनं ना नवं. आमचं काम कधीही थांबू शकतं. एका वर्षी मुलीच्या फीचा खर्च आला, त्या वर्षी फक्त पन्हळी झाल्या. घर राहतं होतं ते राहतंच आहे. आणि एप्रिलमध्ये आमच्या माजघरात दुपारी पंखा मंद लावून झोपता येतं, हेही हिशेबात धरा.

सिव्हिलवाला

बाविसावा_मजला यांचं पूर्ण खोडून काढता येत नाही. काही घरं खरंच वाचवण्यापलीकडे असतात. मी गेल्यावर आधी खांबांचे पाय बघतो. खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभा असतो, तळखडा जमिनीच्या वर दिसत असेल तर बहुधा ठीक. पिढ्यान्पिढ्या भराव आणि फरशी वाढत जाऊन तळखडा गाडला गेला असेल तर खांबाचं बूड मातीत, म्हणजे वाळवीच्या ताटात. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. वीतभर कुजलं असेल तर वर टेकू देऊन तेवढा भाग कापायचा आणि खाली दगड उंच करायचा, नाहीतर जुन्या सागाचा तुकडा खाचेत बसवायचा. जुनं सागवान वाडे पाडणाऱ्यांकडे मिळतं, नव्या लाकडापेक्षा कितीतरी मुरलेलं. पण अर्ध्याहून जास्त खांब आतून पोकळ असतील आणि तुळया वाकल्या असतील तर मी स्वतः सांगतो, उतरवा.

आणि भिंत उतरवण्याआधी पडवीचं छप्पर टेकूंवर घ्यायला विसरू नका. हे एवढं एक काम घाईने आणि स्वस्तात करून घेऊ नये.

गच्चीवाली

मी सिडकोत राहते, घर जुनं नाही, पण गच्चीवर भाजी भरपूर आहे, म्हणून बागेच्या बाजूने बोलते. तीन गोष्टी सांगायच्यात.

भिंतीवर जुना ऑइलपेंट असेल तर तिसरा ढीग, म्हणजे पोपड्यांचा, बागेच्या जवळपासही नको. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) ठरली ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू. त्याआधीच्या रंगात कितीही असू शकतं. पालेभाजीवर ती धूळ बसते, आणि घरात लहान मूल असेल तर आणखी वाईट. कोरडं घासू नका, ओलं करून खरवडा, खाली ताडपत्री घाला.

चुना. नाशिकची काळी माती मुळात अल्कधर्मी, सामू (पीएच) आठच्या आसपास असतोच. त्यात चुन्याचे खडे मिसळले की झाडाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक समजतात खत कमी पडलं आणि युरिया टाकतात. हिराकसाची (फेरस सल्फेट) फवारणी, लिटरला पाच ग्रॅम, तात्पुरती उपयोगी पडते. कायमचा उपाय म्हणजे भरपूर कंपोस्ट, आणि चुना न टाकणं.

तिसरं वाळवीचं औषध. सुतार किंवा पेस्ट कंट्रोलवाला जोत्याभोवती भोकं पाडून क्लोरपायरिफॉस सोडतो. तसं आधी कधी केलंय का विचारून घ्या, कारण ती कमरेखालचीच माती. अशा जागी पालेभाजी, मुळा, काहीच नको.

माती तपासून घ्या, वाद कशाला? मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याकडेच आहे. सामू आणि क्षारता दोन्ही मागा. क्षारता म्हणजे रिपोर्टवर ईसी. एकच्या आत असेल तर निर्धास्त. घेवडा आणि कांदा मिठाला सगळ्यात नाजूक, पालक जरा सोसतो, बीट बरंच सोसतं.

नवखा

अवांतर प्रश्न विचारतो, माफ करा. गच्चीवाली ताई, माझ्या कुंडीतल्या दोडक्याला फुलं भरपूर, फळ एकही नाही. सकाळी सकाळी हाताने परागीभवन करून पाहिलं, तरी गळतात.

गच्चीवाली

दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. सकाळी तुम्ही जाता तेव्हा वेळ गेलेली असते. दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलाला लावा. मादी म्हणजे फुलामागे बोटभर दोडका दिसतो ती. गिलक्याचं मात्र सकाळी. आणि कारलं लावणार असाल तर फळमाशीचा सापळा फुलं येतानाच टांगा, डागाळलेली कारली वेलाखाली पडू देऊ नका.

द्राक्षबाग

गच्चीवाली ताईंनी चुन्याला बागेतून अगदीच हाकललं म्हणून बाजू मांडतो. आमचं निम्मं शिवार चुन्यावर चालतं. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना. एक टक्क्याचं हवं तर दहा लिटर पाण्याला दोन्ही १००-१०० ग्रॅम. वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्या बादलीत, धातूच्या नाही. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळायचं. मग घासलेला खिळा किंवा विळा बुडवून बघायचा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. त्याच दिवशी मारायचं, शिळं ठेवायचं नाही. पावसाळ्यात टोमॅटोवर करपा यायच्या आत एखादी फवारणी पुरते. वरचेवर नको, तांबं जमिनीत साठत जातं, आणि पालेभाजीवर तर अजिबात नको.

ओसरीताईंकडे चुन्याचं टाकं भरलेलं असेलच, म्हणून आठवलं.

ओसरी

टाकं आहे. नवखा यांनी विचारलं नाही, पण विचारतील म्हणून लिहिते. कळीचा चुना आणतो, पाण्यात सोडतो. चुन्यावर पाणी नाही, पाण्यात चुना. उकळी फुटल्यासारखं खदखदतं, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच आणि मुलं लांब. मग गाळून, वर चार बोटं पाणी राहील असा झाकून ठेवतो. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. एक भाग चुना, तीन भाग वाळू, बाहेरच्या भिंतीला थोडी विटांची भुकटी. चुन्याचं काम करणारे आमचे दुसरे गवंडी गूळ आणि बेलफळाचा गर घालायला सांगतात, तेही घालतो. थर पातळ, एकावर एक, आणि वाळेपर्यंत रोज पाण्याचा फवारा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत घट्ट होतो, घाईने सुकला तर भुगा होतो. गोणपाटं ओली करून टांगली की निम्मं काम होतं.

हे करणारा गवंडी मिळणं मात्र अवघड. आमचे वयस्कर आहेत, सिमेंटवाले त्यांना हसतात.

अळूची बातमी. सासूबाईंना सांगितलं की अळूमुळे भिंत फुगली. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं नाही फुगली ती आत्ताच बरी फुगली. त्यात तथ्य निघालं. पूर्वी मोरीत दोन हंडे सांडत, आता वॉशिंग मशिनचं पाणी तिथेच जातं. शिवाय कोबा होता तोपर्यंत ओल कुठे मुरते ते दिसत नव्हतं. शेवटी मोरीला पाइप जोडून पाणी परसाच्या टोकाला नेलं, तिथे वीटभुकटी आणि वाळूचा खड्डा, त्याच्यापुढे अळू आणि केळी. कंद सासूबाईंनी स्वतः लावले, कुणाला हात लावू दिला नाही. भिंतीपासून तीन हातांत आता काहीही लावायचं नाही, फक्त दगडाची चिपळी पसरलीय.

सिव्हिलवाला

तीन हात उत्तम. आणि वेल भिंतीवर चढवू नका, मांडव सुटा ठेवा.

नवखा

टिचकी मारली. पोकळ आहे. बाबांना अजून सांगितलं नाही.

ओसरी

बऱ्याच दिवसांनी येते आहे. दिवाळी झाली, भिंत उतरली. छप्पर टेकूंवर घेतलं होतं, काही हललं नाही.

माती तपासून आली. वरच्या ढिगाचा ईसी एकच्या खूप आत, सामू आठला थोडा कमी. कमरेखालच्या ढिगाचा ईसी चारच्या वर. म्हणजे आजी, द्राक्षबाग आणि सिव्हिलवाला तिघंही बरोबर होते, आपापल्या ढिगापुरते. आणि हो, खालच्या ढिगात बाटल्यांच्या काचा, चिनीमातीचे तुकडे आणि एक तांब्याचं जुनं नाणं निघालं. नाणं लेकीने ठेवून घेतलंय.

वरची माती जवळजवळ सगळी चाळून भिंतीत परत जाते आहे. भिंत हातभर उंचीपर्यंत दगड-चुन्यात घेतली, त्यावर मातीचं काम. चाळून उरलेला भुगा थोडा शेणखताबरोबर कंपोस्टच्या खड्ड्यात टाकला. वांग्याच्या वाफ्यात सरळ काही घातलं नाही.

या हंगामात मांडवाखालची जागा मोकळी आहे, तिथे वाल लावायचा विचार आहे. गावठी बी कुणाकडे मिळेल का?

गच्चीवाली

माझ्याकडे जांभळ्या शेंगांचा आणि पांढरा, दोन्ही आहेत. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांचं काम वाचून मी गावठी बी जमवायला लागले, तेव्हापासून वाल विकत आणलेला नाही. मात्र आत्ता पेरलात तर थंडीत वाढ सावकाश होईल. निफाडला पारा उतरला की आपल्याकडेही पहाट बोचरी होते. तोवर मेथी आणि शेपू घ्या, महिन्याभरात वाफा रिकामा होतो. मावा दिसला तर निंबोळी अर्क, लिटरला ५० ग्रॅम बी कुटून रात्रभर भिजवून, गाळून, सकाळी थोडा साबण घालून.

द्राक्षबाग

खालच्या ढिगाचं काय केलंत ते राहिलं. मला वाटलं होतं फरशीखाली भराव म्हणून घालाल.

ओसरी

तोच विचार होता, सिव्हिलवाल्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून थांबवलं. मीठ घरात राहिलं तर नव्या फरशीच्या सांध्यांतून परत वर येईल म्हणाले. म्हणून फाटकापासून आडापर्यंतच्या पाऊलवाटेखाली घातली, वर मुरूम आणि शहाबादीचे जुने तुकडे. तिथला उतार रस्त्याकडे आहे, परसाकडे नाही.

बाविसावा_मजला

मानलं. आमच्या आरसीसीच्या गच्चीतून यंदा पाणी गळलं, त्यावर कुणाकडे काही असेल तर वेगळा धागा काढतो.

सराफबाजार

ओसरीताई, चुन्याचे ते गवंडी सराफ बाजारात येतील का? देवडीची भिंत करायची आहे, सह्या मिळाल्या एकदाच्या.

ओसरी

अभिनंदन काका! नंबर व्यनि केला आहे. संध्याकाळी सातनंतर फोन करा, दिवसा उचलत नाहीत. आणि चुना तुम्ही आत्ताच भिजत घाला, ते आल्यावर भिजवायला घेतलात तर परत जातील.